हिरव्या ठिपक्याचा डबा

फळीवरून आवाज आला म्हणून दचकू नका. मी बोलतोय, निळ्या झाकणाचा पांढरा डबा. माझ्या अंगावर पूर्वी उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. सोनेरी अक्षरांत ताकद, तेज, रोगप्रतिकार असं बरंच काही लिहिलेलं होतं. आणि खालच्या कोपऱ्यात, चौकटीत, एक हिरवा ठिपका होता. घोडा गेला, अक्षरं गेली, ठिपका अजून आहे. माझी सगळी कहाणी त्या ठिपक्यापाशीच अडलेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. लोणच्याच्या बरणीला विचारा, ती आपल्या पोटातल्या मालाबद्दल छातीठोक सांगेल. तिखटाचा डबा तर न विचारता सांगेल. मला मात्र माझ्या पोटात काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही, आणि ज्यांनी ते भरलं त्यांना तरी कळलं होतं की नाही, याची मला दाट शंका आहे.

जन्मलो तेव्हा मी कोरा होतो. साच्यातून आम्ही भावंडं ऊन ऊन बाहेर पडलो, गार झालो आणि पोत्यात भरून कुठल्याशा गोदामात गेलो. तिथे एका नळकांड्याखाली आमची रांग लागली. वरून फिकट पिवळी भुकटी पडायची, तिला आईस्क्रीमसारखा गोड वास होता. माझ्या पुढच्या भावाच्या पोटात जी भुकटी पडली तीच माझ्या पोटात पडली, आणि तीच मागच्याच्या. मग कागद चिकटवायची वेळ आली. पुढच्यावर वजन घटवण्याचा कागद चिकटला, मागच्यावर मुलांची उंची वाढवण्याचा. माझ्यावर अशक्तपणा घालवणारा घोडा बसला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

तिथून माझी रवानगी परभणीला झाली, एका मंगल कार्यालयात. लग्न नव्हतं, पण थाट लग्नाचाच होता. खुर्च्या, फुलं, माइक, आणि चहासोबत बिस्किटं. आम्हा डब्यांचा मंचावर मनोरा रचला होता. एकेक जण माइकपाशी येऊन सांगत होता. कोणी म्हणालं माझे गुडघे मोकळे झाले, कोणी म्हणालं मला झोप लागायला लागली, एक गृहस्थ म्हणाले की माझा स्वभावच बदलला. टाळ्या वाजत होत्या. मी मनोऱ्यावरून कान देऊन ऐकत होतो. बरं झालं असं सगळे सांगत होते, पण आधी नेमकं काय झालं होतं आणि ते कोणी तपासलं होतं, हे एकानंही सांगितलं नाही.

त्याच गर्दीत वैजयंतीबाई होत्या. भरलेल्या अंगाच्या, हसऱ्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. टाळ्या वाजवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, ही बाई एक तर फार भोळी आहे किंवा फार पोहोचलेली. बरेच दिवस मी तिला पोहोचलेलीच धरून चाललो.

वैजयंतीबाईंनी मला पिशवीत घातलं आणि परभणीहून रेल्वेनं सेलूला, सेलूहून जीपनं वालूरला आणलं. वालूरला त्यांचं माहेर. थोरले भाऊ सांबप्पा यांचं तिथे किराणा दुकान आहे. पुढे दुकान आणि मागे घर, त्यामुळे घरच्यांचं येणं-जाणं मागच्या दारानं. ते दार स्वयंपाकघरातून अंगणात उघडतं, आणि दाराबाहेर भिंतीला लागून चपलांची फळी आहे. माझी जागा ठरली ती दारासमोरच्या फडताळात. तिथून मला चूल दिसायची, देवाचा कोपरा दिसायचा, दार दिसायचं आणि चपलाही दिसायच्या. एका डब्याला याहून जास्त जग काय लागतं?

"वैनी, ह्ये तुमच्यासाठी आणलंय," वैजयंतीबाई आपल्या भावजयीला, उमादेवींना, म्हणाल्या. "लय थकल्यासारख्या दिसायल्यात तुमी. सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. बघा कशा पळायला लागता ते."

उमादेवी पन्नाशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. घोडा पाहिला नाही, सोनेरी अक्षरं वाचली नाहीत. त्यांची नजर शोधत होती ती हिरव्या ठिपक्याला. तो सापडल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

"हिरवा ठिपका हाय. मंग लिंगाला दाखवायला हरकत न्हाई."

हे घर लिंगायतांचं. उमादेवींच्या गळ्यात इष्टलिंग. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या देवाच्या कोपऱ्यात बसून ते डाव्या तळहातावर घ्यायच्या, विभूती आणि बेल वाहायच्या. जे काही तोंडात जायचं ते आधी त्याला दाखवून. भाकरी असो, चहा असो, तापाची गोळी असो. इतक्या वर्षांत त्यांचा हा नेम चुकला नव्हता. ठिपक्यानं एवढंच सांगितलं होतं की माझ्यात मांसाहार नाही. पण उमादेवींनी त्याचा अर्थ घेतला की मी शुद्ध आहे, म्हणजे चांगला आहे, म्हणजे गुणाचा आहे. एका ठिपक्यावर किती ओझं टाकावं माणसानं!

सांबप्पांचं मला जास्त नवल वाटलं. हा माणूस तूरडाळीचा दाणा दाताखाली धरून पाहिल्याशिवाय पोतं उतरवून घेत नाही. गूळ नखानं खरवडतो, हळद पाण्यात टाकून बघतो. सगळ्या सेलू तालुक्यातले व्यापारी त्याला टरकून असतात. माझं झाकण मात्र त्यानं एकदाही उघडून हुंगलं नाही. बहिणीनं आणलंय ना, मग झालं.

माझा चमचा सुरू झाला. पंधरवडा गेला, महिना गेला, पण उमादेवी काही पळायला लागल्या नाहीत. उलट जिना चढताना मध्येच टेकायच्या. जीभ लालभडक व्हायची, तिखट सोसायचं नाही. पायांना मुंग्या यायच्या, मग हातांनाही यायला लागल्या. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, मुंग्या लय यायल्यात हो."

फोन मोठ्या आवाजावर होता. "अहो वैनी, ही तर चांगली खूण हाय! आतली घाण बाहेर पडायलीय. बंद करू नका, उलट वाढवा."

हे ऐकून मी जागच्या जागी गार पडलो. बरं वाटलं तर माझ्यामुळे, आणि वाईट वाटलं तरी माझ्यामुळेच! असला धंदा मी दुसरा पाहिला नाही. खोटं ठरण्याची सोयच कोणी ठेवलेली नाही.

सूनबाई सविता मात्र डोळस. तिनं सासऱ्याच्या मागे लागून उमादेवींना सेलूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रक्त तपासलं. एक जीवनसत्त्व फार कमी झालंय असं निघालं, आणि डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल लिहून दिल्या. त्यात मला नवल वाटलं नाही. या घरात दूध आधी नवऱ्याला, मग नातवंडांना, आणि उरलं तर उमादेवींच्या चहात. अंडं-मांस तर पिढ्यान्‌पिढ्या नाही. जे पोटात गेलंच नाही ते रक्तात येणार कुठून?

मला वाटलं, सुटलो. आता खरं औषध आलं, माझं काम संपलं. पण त्या संध्याकाळी उमादेवी घरात आल्या, पिशवीतून कॅप्सूलची पाकिटं काढली आणि देवाच्या कोपऱ्याकडे बघत पुटपुटल्या, "महादेवा, मेडिकलवाला म्हणला ह्याचं टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय. कसं दाखवू तुला?"

मग दाराबाहेर गेल्या, चपलांच्या फळीमागे भिंतीची फट आहे तिथे पाकिटं सरकवली, हात धुतले आणि आत आल्या. स्वयंपाकघरात ठेवायची नाहीत, आणि एवढ्या पैशाची वस्तू फेकवत नाही. मग चपलांमागे. रात्री सवितानं विचारलं, "आत्याबाई, गोळी घेतली का?" उमादेवी म्हणाल्या, "झालं." आणि माझा चमचा पाण्यात कालवून प्याल्या.

मी ओरडलो असतो हो, पण डब्याला तोंड असतं ते फक्त वरून भरायला.

त्यानंतरची एक सकाळ मी विसरू शकत नाही. उमादेवी पूजेला बसल्या होत्या. तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. मी पाहत होतो. हात हळूहळू कलायला लागला, आणि त्यांना ते कळतच नव्हतं. लिंग घरंगळलं, पाटावर पडलं, ठक्क असा आवाज झाला. त्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले. आधी रिकाम्या तळहाताकडे पाहिलं, मग पाटाकडे.

गळ्यातला देव हातातून पडणं या घरात म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांनी घाईघाईनं लिंग उचललं, कपाळाला लावलं, छातीशी धरलं. कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं. मग बोटांनी चाचपत राहिल्या, पुन्हा पुन्हा. "लागंना हाताला," त्या म्हणाल्या. "देवच हाताला लागंना. काय चुकलं रे माझं?" आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगतो. मला स्वतःची किळस आली. कारण डोळे पुसून त्या उठल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. त्या दिवशी एक चमच्याऐवजी दोन चमचे घेतले. ठिपक्यावरून अंगठा फिरवला, जणू साकडं घालत होत्या.

श्रावणातल्या एका सोमवारी उमादेवी मठात जाऊन आल्या. दारात येऊन पाय धुवायला लागल्या, तर सवितानं पाहिलं की एकाच पायात चप्पल आहे.

"आत्याबाई, दुसरी चप्पल कुठाय?"

उमादेवींनी खाली पाहिलं. "हाय की," म्हणता म्हणता थांबल्या.

तेवढ्यात शेजारच्या कडूबाई हातात चप्पल घेऊन अंगणात आल्या. "अवं उमाबाई, किती हाका मारायच्या! मारुतीच्या पाराजवळ पायातून निघाली, अन् तुमी आपल्या तशाच चालायलात. खडीवरून! कळालं न्हाई का?"

तळपायाला खडी रुतून रक्त आलं होतं, तेही उमादेवींना कडूबाईंनीच दाखवलं.

सविता चप्पल ठेवायला फळीपाशी वाकली. फळी जरा हलली आणि मागून पाकिटं खाली पडली. सगळी भरलेली. एकही कॅप्सूल काढलेली नव्हती. कडूबाई जाईपर्यंत सविता ती पदराखाली धरून उभी राहिली. मग आत आली.

"आत्याबाई, तुमी तर रोज घ्यायलेय म्हणत होता."

"मी 'झालं' म्हणत होते. घेतलं असं न्हाई म्हणलं कवाच."

"काहून पण?"

उमादेवींनी टरफलाचं सांगितलं. सविता ओरडली नाही. चुलीजवळ बसून राहिली. तिचं गप्प बसणं पाहूनच बहुतेक उमादेवींचा बांध फुटला. "सविता, लिंग पडलं गं माझ्या हातातून. कुणाला सांगू नको. मला वाटलं देव रागावला, अन् त्यात आणखी हाड खाऊ कसं? म्हणून त्या डब्यावरच भरवसा ठेवला."

"देव न्हाई रागावला, आत्याबाई. हाताची नस रागावलीय. कडूबाईनं हाका मारल्या तशा हात-पायबी हाका मारायलेत तुमाला."

सकाळी सांबप्पा, उमादेवी, सविता आणि पिशवीत मी, असे सगळे सेलूला गेलो. माझी वरात पहिल्यांदाच डॉक्टरकडे निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी उमादेवींना डोळे मिटायला सांगितलं, पायाचा अंगठा वर केला, खाली केला. अंगठा कुठे आहे ते उमादेवींना सांगता येईना. सांबप्पांचा चेहरा पडला.

"गोळ्या का घेतल्या नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि टरफलाचं ऐकून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुमच्या घरी काय चालतं, काय चालत नाही, मी विचारलंच नाही. इंजेक्शन घ्या. त्याला टरफल नसतं."

"त्यात काय असतंय?" उमादेवींनी विचारलं. आता त्याही माझ्यासारख्याच संशयी झाल्या होत्या, आणि मला बरं वाटलं.

"तुमच्या रक्तात जे कमी आहे तेच. आपण दह्याला विरजण लावतो ना, तसे बारीक जंतू वाढवून ते बनवतात. जनावराचा संबंध नाही."

मग सांबप्पांनी मला टेबलावर ठेवलं. तूरडाळ पारखणारा हा माणूस पहिल्यांदाच माझं झाकण उघडून हुंगत होता. "बाई, ह्यानं काई अपाय केला का?"

डॉक्टरीणबाईंनी मला उलटंसुलटं पाहिलं. "यावर जगातलं सगळं लिहिलंय. खरंच किती आहे, तुमच्या अंगी किती लागतं, ते मी कशी सांगू? धडधाकट माणसाला चारीठाव जेवण मिळत असेल तर असल्या डब्याची गरज नसते. ज्याचं काही कमी झालंय त्याला तेवढंच, मोजून द्यावं लागतं. अपाय म्हणाल तर यानं तुमचे महिने खाल्ले."

"हात येईल का पहिल्यासारखा?" उमादेवींनी विचारलं.

"पुष्कळसा यावा. सगळा येईल असं वचन देत नाही."

घोडा मिरवणाऱ्या माझ्या कागदावर वचनांखेरीज काही नव्हतं. वचन देत नाही असं म्हणणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तरी सांगतो, सुईवरही माझा लगेच विश्वास बसला नाही. एकदा पोळलेल्याला ताकही फुंकावंसं वाटतं.

घरी आल्यावर सवितानं माझ्यातली भुकटी उकिरड्यावर ओतली, मला घासून धुतलं, उन्हात ठेवलं. कागद निघता निघता कोपऱ्यात चिवटपणे राहिला, ठिपक्यासकट. आता माझ्यात भाजलेले शेंगदाणे असतात. नातवंडं मूठ मूठ काढतात. माझ्या पोटात काय आहे हे आयुष्यात पहिल्यांदा मला छातीठोक सांगता येतं.

इंजेक्शनं सुरू झाली. उमादेवी पूजेला बसताना डाव्या हाताखाली उजव्या हाताचा आधार घ्यायला लागल्या. मी रोज सकाळी श्वास रोखून पाहायचो. दसऱ्याच्या पुढेमागे एका सकाळी त्यांनी लिंग हातावर घेतलं आणि एकदम डोळे उघडले.

"सविता! थंड लागतंय गं!"

सविता कणकेच्या हातांनी धावत आली. "काय थंड लागतंय?"

"लिंग! हाताला थंडगार लागतंय!"

दोघी हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. पाय अजून पुरते आले नव्हते, पण देव हाताला लागला होता.

दिवाळी आली. भाऊबीजेला वैजयंतीबाई आल्या, आणि सोबत नवा डबा! तसाच घोडा, तशीच सोनेरी अक्षरं. त्यांनी तो फडताळात माझ्या शेजारी ठेवला. इंजेक्शनाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुया टोचल्या त्या टोचल्या, पण आतून ताकद कुणी दिली, वैनी? डब्यानंच की!"

माझ्या अंगाची लाही झाली. खोटारडी, मी म्हणालो. लुच्ची, आपमतलबी! शेंगदाण्यांनीही ऐकलं असेल.

उमादेवी भांडल्या नाहीत. चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "वन्सं, तुमी स्वतः घेता का रोज?"

"म्हंजे काय! दोन टाइम. लोकांना देते अन् मी घेणार न्हाई का?"

"अन् कसं वाटतंय?"

"लय हलकं, वैनी. पाय तर इतके हलके झालेत, जमिनीवर हायेत का न्हाईत तेबी कळत न्हाई."

उमादेवींचा गाळणीचा हात थांबला. त्या नणंदेच्या पायांकडे बघत राहिल्या. दोघी एकाच घरातल्या, एक या घरात जन्मलेली, एक लग्न होऊन आलेली. चुलीची रीत तीच, ताट तसंच, आणि उरलंसुरलं दूधही तेवढंच.

जीपची वेळ झाली. वैजयंतीबाईंनी पिशवी घेतली, दाराबाहेर चपला घातल्या आणि अंगणातून निघाल्या. फडताळातून मला स्पष्ट दिसलं. तुळशीपाशी त्यांची डाव्या पायातली चप्पल निघाली आणि तिथेच राहिली. वैजयंतीबाई बोलत, हसत, तशाच पुढे चालल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. ही बाई मला नुसती विकत नव्हती, ही माझ्यावर विसंबून होती. इतके दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि जिच्यावर सर्वांत जास्त घेतला तीच सर्वांत जास्त फसलेली निघाली.

"वन्सं, थांबा!" उमादेवी अनवाणीच बाहेर धावल्या.

"काय वं वैनी?"

उमादेवींनी चप्पल उचलून पुढे धरली. वैजयंतीबाईंनी आधी चपलेकडे पाहिलं, मग वाकून स्वतःच्या पायाकडे. उघडा पाय मातीवर होता.

"कवा निघाली?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

शेजारी उभ्या असलेल्या नव्या डब्याला मी हळूच विचारलं, "बाबा रे, तुझ्या पोटात काय आहे?" त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरच्या फळीवर आमच्यापैकी कोणी असेल, तर त्याला विचारू नका. घोडा पाहू नका, ठिपकाही पाहू नका. आधी तुमच्या रक्ताला विचारा, मग आमचं झाकण उघडा. एवढंच मागणं आहे.

अंगणात उमादेवींनी नणंदेच्या हातातली पिशवी काढून घेतली. "आजची गाडी जाऊ द्या. उद्या सेलूला माझी सुई हाय. दोघी मिळून जाऊ."

आणि वैजयंतीबाई, एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन, भावजयीच्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल बघून टाकत माहेरच्या दारातून पुन्हा आत आल्या.